मोरदऱ्याच्या निळ्या टाचण्या

मुलांनो, डोळे मिटू नका. कल्पना करायला डोळे मिटावे लागतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही. उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघा. तिच्यावर एक नकाशा टांगलाय असं समजा. देशाचा नाही, राज्याचा नाही, एका तालुक्याचा. चांगला पलंगपोसाएवढा मोठा. गावं म्हणजे काळे ठिपके, रस्ते म्हणजे तांबड्या रेघा, आणि त्यावर टोचलेल्या रंगीत टाचण्या. लाल टाचणी म्हणजे पुरुष. निळी टाचणी म्हणजे बाई. एकेका टाचणीखाली एकेक माणूस आहे, ज्याचा घास आधी अडकायला लागला आणि मग एक दिवस खाली उतरेनासाच झाला.

घशापासून पोटापर्यंत एक नळी असते, तिला अन्ननलिका म्हणतात. घास तिच्यातून जातो तेव्हा आपल्याला कळतही नाही. कळायला लागलं, तर तिथं काहीतरी बिघडलंय. त्या बिघाडाचं एक नाव कर्करोग. आमचं काम त्याची नोंद ठेवायचं होतं.

आता नकाशाच्या जवळ या. वरच्या कोपऱ्यात, डोंगराला चिकटून, मोरदरे नावाचा ठिपका आहे. आजूबाजूच्या सगळ्या गावांवर लाल टाचण्या जास्त आणि निळ्या कमी. मोरदऱ्यावर लाल एक आणि निळ्या आठ. आठव्या टाचणीच्या डोक्याला हिरव्या कागदाचा नखाएवढा झेंडा चिकटवलेला आहे. अख्ख्या नकाशावर तसा झेंडा तो एकच.

ज्या मंगळवाराबद्दल मी सांगतोय, त्या मंगळवारी निळ्या टाचण्या सातच होत्या, आणि झेंडा नव्हता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. खांद्याला खाकी पिशवी, हातात फॉर्म, आणि गावोगाव हिंडून लोकांना तेच ते प्रश्न विचारायचे, ही माझी नोकरी. लोक मला ‘फारमवाले’ म्हणत. तोडकर हे माझं आडनाव फक्त आमच्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

डॉक्टर वर्गीस केरळचे होते. दोन वर्षांत मराठी बरीच शिकले होते, फक्त बोलून झालं की ते बरोबर आहे का याची खात्री करून घेत. त्या संध्याकाळी ते नकाशासमोर उभे होते.

“तोडकर, मोरदऱ्यात पुरुष काय करतात?”

“पारावर बसतात, सर.”

“आणि बायका?”

“बाकीचं सगळं.”

“तंबाखू?”

“पुरुष खातात. बायका एकही नाही. मागच्या खेपेला मी स्वतः विचारलंय.”

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “म्हणजे जे तंबाखू खातात त्यांना हा रोग होत नाही. ज्या खात नाहीत त्यांना होतो. बरोबर?”

“बरोबर, सर.”

“हे बरोबर नाही, तोडकर.”

मग त्यांनी मला यादी दिली. वरच्या आळीतल्या विहिरीचं पाणी आणायचं. घरोघरच्या मिरचीच्या पुड्या आणायच्या. आणि बायका चहा किती गरम पितात ते थर्मामीटर घालून बघायचं, कारण फार गरम पिणाऱ्यांनाही हा रोग होतो असं काही देशांत दिसलेलं होतं. गुरुवारी सकाळी ते स्वतः जीप घेऊन येणार होते. कुणाचा घास अडकत असेल तर त्याला घेऊन शहरातल्या दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी करायची.

त्यांच्या टेबलावर एक डबी असे. हिरव्या कागदाचे बारीक झेंडे कापून त्यांनी ती भरून ठेवली होती. जो माणूस लवकर येईल, ज्याच्यावर उपचार होतील आणि जो पुढं पाच वर्षं जगेल, त्याच्या टाचणीला झेंडा लावायचा, असा त्यांचा नियम होता. डबी काठोकाठ भरलेली होती.

बुधवारी सकाळी मी मोरदऱ्यात उतरलो.

हे गाव तुम्ही नीट डोळ्यांपुढं आणा, कारण पुढं त्याचं काम आहे. मागं काळ्या कातळाचा उभा कडा. कड्याला पाठ लावून वरच्या आळीतली घरं एका ओळीत बसलेली. घरांच्या पुढं रस्ता, रस्त्याच्या पलीकडं मारुतीचं देऊळ, देवळापुढं लिंबाचा पार. पारावर म्हातारे. वरच्या आळीतलं कुठलंही दार उघडलं की समोर देव आणि देवाच्या पायाशी कुणाचा ना कुणाचा सासरा.

“आले का फारमवाले,” पारावरचे दगडूनाना म्हणाले. ते सगळ्यांत वडील, त्यामुळे पहिलं वाक्य त्यांचं असे. “आता काय नेताय?”

“पाणी, नाना. आणि मिरची.”

“आमच्या विहिरीचं पाणी वाईट ठरवायचंय व्हय? माझं वय एक्क्याऐंशी. ह्याच पाण्यावर.”

“तपासायचं फक्त.”

“तपासा. त्यात मी सापडलो तर कळवा.”

पार हसला. मी शाळेत गेलो आणि घरं दाखवायला एखादा मुलगा मागितला. गुरुजींनी एक मुलगी दिली. चौथीतली, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली.

“ही छबू. हिला सगळी घरं पाठ आहेत,” गुरुजी म्हणाले. “प्रश्न फार विचारते. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली तरी चालेल.”

शाळेच्या पायऱ्या उतरतानाच छबूनं माझ्या पिशवीकडं बघून नाक फेंदारलं.

“तुमच्या पिशवीला आमच्या घराचा वास येतोय.”

“कागदांचा असेल.”

“कागदांचा वास शाळंला येतो. ह्यो घराचा हाय.”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पहिलं घर गंगूबाईंचं. त्या उंबऱ्यावर बसून बोटानं दात घासत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला, घोट गिळला आणि म्हणाल्या, “या.”

“तंबाखू खाता का?”

“न्हाई बा.”

“विडी?”

त्या हसल्या. आतून त्यांची सूनही हसली.

“तपकीर? पान? सुपारी?”

“काय न्हाई.”

मग स्वच्छतेचं कलम होतं. “दात रोज घासता का?”

“दिवसाला चार टायमाला.”

मी फॉर्मवर ‘चार वेळा’ लिहिलं. कशानं घासता, असा प्रश्न फॉर्मवर नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दंतस्वच्छता उत्तम.’

सुनेनं चहा आणला. मी पिशवीतून लांब थर्मामीटर काढून कपात बुडवला. सासू-सून दोघी पुढं झुकल्या.

“काय बघताय?” गंगूबाईंनी विचारलं.

“किती गरम आहे ते.”

“ह्यो आजारी माणसाच्या तोंडात घालतात त्यो न्हवं?”

“नाही, हा वेगळा. नवा आहे.”

“मग चहाला किती ताप निघाला?”

“अठ्ठावन्न.”

“लई नसंल,” गंगूबाई म्हणाल्या. “बसंपतोर उतरंल.”

अशी एकतीस घरं केली. कुठल्याच घरात चहा जिभेला चटका बसेल इतका गरम नव्हता. एकतीस घरांतल्या एकाही बाईला तंबाखूचं व्यसन नव्हतं. दात मात्र कुणी तीनदा घासत होत्या, कुणी चारदा, एका घरात तर सकाळी उठल्यापासून पाच वेळा. मी प्रत्येक फॉर्मवर तोच शेरा लिहीत गेलो. तालुक्यात इतकं स्वच्छ गाव मी पाहिलं नव्हतं.

बत्तिसावं घर छबूचं. तिथं आमचं जेवण ठरलं होतं.

जिजी म्हणजे छबूची चुलती. वय अडतीस-चाळीस, बारीक अंगाची, चटपटीत. छबूचे वडील एसटीच्या डेपोत कामाला, महिन्यातून एकदा येणारे. चुलते रानात. मुलगी जिजीच्याच हाताखाली वाढलेली. जिजीनं मला पाट मांडला. भाकरी, घेवड्याची आमटी, कांदा. छबूला वाढलं. स्वतःपुढं मात्र वाटीभर दूध घेतलं आणि त्यात भाकरीचा पापुद्रा कुस्करायला लागली.

“फारमवाले,” छबू जेवता जेवता म्हणाली, “जिजीचं नाव लिवा.”

“गप जेव,” जिजी म्हणाली.

“तिला भाकरी जात न्हाई. दिवाळीला जात होती. मग आमटीत भिजवून जायाला लागली. आता दुधात.”

“दातानं चावत न्हाई म्हणून.”

“दात तर किती घासतीस,” छबू म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “आधी भाकरी, मग भिजवून, मग दूध, मग पेज, मग नुसता चहा. आईचं असंच झालं.”

फॉर्मांच्या गठ्ठ्यात मोरदऱ्याची जुनी यादीही होती. मला ती उघडावी लागली नाही. चौथं नाव मला आठवलं, आणि त्या नावाचं घर हेच होतं. नोंद घ्यायला मी आलो तेव्हा पेजही जात नव्हती. कोपऱ्यात एक लहान मुलगी पाटी पुसत बसली होती.

“जिजी,” मी म्हणालो, “उद्या जीप येतेय. नाव लिहितो. नुसतं बघून येऊ.”

“लिवाल तर बघा.” जिजीनं वाटी खाली ठेवली. “तुमी ह्या आळीतली सात नावं लिवली. काय झालं त्यांचं?”

“त्या आजारी होत्या म्हणून लिहिली.”

“आजारी तर वरीसभर होत्या. लिवल्यावर गेल्या.”

“फार उशिरा लिहिली म्हणून गेल्या. लवकर लिहिलं की डॉक्टरांना काहीतरी करता येतं.”

“कुणाचं केलंय आजपतोर? एक नाव सांगा.”

हिरव्या झेंड्यांची काठोकाठ भरलेली डबी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी भाकरी मोडली.

“सांगा की,” जिजी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “एक सांगा, मी बसते.”

“तूच पयली हो,” छबू म्हणाली.

“तू जेव.”

जेवण झाल्यावर मी उंबऱ्यात बसून फॉर्म लावायला घेतले. छबू माझ्या शेजारी बसली. आतून जिजी हात पुसत आली, कोनाड्यातून बामाची जुनी डबी काढली, चिमूटभर काळी पूड बोटावर घेऊन दातांना लावली, आणि डबी छबूपुढं धरली. पाहुण्याला बडीशेप द्यावी तितक्या सहज. छबूनंही चिमूट घेतली, खालचा ओठ ओढून आत दाबली आणि बोट घासत रस्त्याकडं बघत बसली.

ते सगळं मी पाहत होतो. पाहण्यासारखं त्यात मला काहीच वाटलं नाही.

“किती घरं राहिली गं?” मी विचारलं.

“उं,” छबू म्हणाली.

“किती?”

तिनं बोटं दाखवायला हात वर केला. आतून जिजी म्हणाली, “गिळ आन् बोल.”

छबूनं घोट गिळला. “नऊ.”

मी शिक्षक नव्हतो, पण मुलांना चांगल्या सवयी लावायची मला तेव्हापासूनच हौस. “अगं, गिळतेस काय? थुंकून ये ना.”

छबूनं माझ्याकडं बघितलं. गुरुजींना फळ्यावरची चूक दाखवताना मुलं बघतात तसं.

“कुठं?”

“कुठं म्हणजे? बाहेर.”

“समोर देव हाय.”

“मग बाजूला.”

“पारावर नाना हाईत. सुनांनी नानांपुढं थुकायचं न्हाई, पोरींनी तर न्हाईच.”

“मागच्या दारी जा.”

“मागं कडा हाय. मागचं दार कुणालाच न्हाई.” तिनं ओठावरून जीभ फिरवली. “लोणकड्याला आत्याच्या घराला परसू हाय. तिथं आमी थुकतो. हितं बाया गिळत्यात.”

“सगळ्या?”

“मग काय तोंडात धरून बसतील?”

मी फॉर्म लावत राहिलो. तुम्हाला आत्तापर्यंत कळलं असेल. मला अजून कळलं नव्हतं. छबूला पेन्सिल हवी होती, म्हणून तिनं माझी पिशवी पुढ्यात ओढली, आत हात घातला, आणि पेन्सिलीच्या ऐवजी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी बाहेर काढली. नाकाला लावली.

“ह्योच वास. म्हणलं न्हवतं?”

“ठेव ती. माझ्या आईची आहे.”

“तंबाखूची पानं हाईत.”

“हो. मंगळवारच्या बाजारात घेतली. शनिवारी घरी गेलो की द्यायची.”

“तुमची आई तंबाखू खाती?”

“छे. ती कुठली खाते. ती भाजून, कुटून दात—”

मुलांनो, मी ते वाक्य पुरं केलं नाही. सकाळपासून एकतीस बायकांनी मला जे सांगितलं होतं, तेच मी सांगत होतो, आणि तितक्याच खरेपणानं. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून त्याची मशेरी करायची, हे मी जन्मल्यापासून बघत आलो होतो. त्या धुरात माझा अभ्यास झाला. नोकरी लागल्यापासून दर मंगळवारी पानं मीच घेत होतो, पहिल्या पगारापासून. तंबाखू खाणं म्हणजे चुना लावून गालात धरतात ते, पुरुषांचं. मशेरी म्हणजे तोंड धुणं. आमच्या घरात आणि मोरदऱ्यात याबद्दल कधी दोन मतं झाली नव्हती.

“दात काय?” छबूनं विचारलं.

“घासते,” मी म्हणालो.

“मग ती पण आमच्यासारखीच.”

मी पुडी पिशवीत टाकली आणि उठलो. “चल.”

“कुठं? नऊ घरं ह्या अंगाला हाईत.”

“पहिल्या घरी.”

आम्ही गंगूबाईंच्या दारात पुन्हा उभे राहिलो तेव्हा त्या पुन्हा दात घासत होत्या.

“काय राह्यलं?” त्यांनी घोट गिळून विचारलं. “चहाचा ताप उतरला का बघायचंय?”

“दोन प्रश्न राहिले. मशेरी लावता?”

“म्हणजे काय? सांगितलं की, चार टायमाला.”

“आणि थुंकता कुठं?”

गंगूबाईंनी पदर पुढं ओढला. “असलं इचारायचं अस्तंय व्हय बाईमाणसाला,” त्या म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या घरापासून दुसरा प्रश्न छबूनं विचारला. तिला उत्तरं मिळाली. छबूचं घर सोडून, नऊ नवी घरं धरून चाळीस घरं झाली. चाळिसांतही मशेरी होती. अडतीस घरांत सगळ्याच बायका गिळत होत्या. एका घराला कड्याच्या फटीत न्हाणी होती, तिथं थुंकायची सोय होती. आणि चाळिसाव्या घरातली नवी सून लोणकड्याची. माहेरी थुंकायची सवय, इथं गिळायला लागलं की मळमळतं, म्हणून तिनं मशेरीच सोडून दिली होती. सासू तिला नखरेवाली म्हणत होती.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. छबूनं विचारलं म्हणून मी सांगितलं. मुलांपासून खरं लपवावं असं मला तेव्हाही वाटत नसे.

“नक्की काही नाही. ते डॉक्टर बघतील. पण तंबाखूनं हा रोग होतो हे माहीत आहे. बाकीच्या गावांत बायका मशेरी लावतात आणि थुंकतात. तुमच्याकडं तिचं पाणी दिवसातून चार वेळा त्याच नळीतून खाली जातं. वर्षानुवर्षं.”

“आईच्या पण.”

“हो.”

“आणि जिजीच्या.”

“हो.”

ती आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट बघत बसली. नखाच्या कडेनं ते काळं झालं होतं.

“मी तीन टायमाला लावते. दुसरीत दाढ दुखत होती, तवापासनं.”

“आता सोड.”

“सोडीन. पण जिजीला कसं बसवायचं जीपमधी?”

“तू सांगून बघ.”

“ती माझं ऐकती व्हय.” मग बराच वेळ तिनं काही विचारलं नाही. गुरुजींच्या सांगण्यावरून हे विशेषच होतं. शेवटी म्हणाली, “जीपमधी कुणाकुणाला बसवतात?”

“ज्याचं नाव लिहिलंय त्याला. आणि सोबत घरचं एक माणूस.”

“सोबत नसली तर?”

“मोठं माणूस एकटं चालतं. लहान मूल असेल तर घरचं बाईमाणूस लागतंच. त्याशिवाय डॉक्टर नेत नाहीत.”

“बरं,” छबू म्हणाली, आणि घरी गेली.

गुरुवारी सकाळी जीप आली आणि पारासमोर उभी राहिली. पार भरलेला होता. दगडूनानांनी डॉक्टरांना रामराम केला. डॉक्टरांनी बॉनेटवर माझे फॉर्म पसरले, आणि मी त्यांना कडा, परसू, पार आणि मशेरी हे सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मशेरी म्हणजे काय हे विचारलं तेव्हा मी पिशवीतून आईची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटसुलट करून बघितली.

“हे कुठल्या घरातून आणलं?”

“माझ्या, सर.”

त्यांनी पहिला फॉर्म वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला.

“ ‘दंतस्वच्छता उत्तम’ हे कुणी लिहिलंय?”

“मी.”

“अक्षर चांगलं आहे,” डॉक्टर म्हणाले. फॉर्म गोळा करून त्यांनी गठ्ठा नीट बांधला. “आज कोण येणार?”

“एक आहे, सर. पण ती येत नाही म्हणते.”

आळीतली सगळी दारं उघडी होती आणि दारांत बायका उभ्या होत्या. जिजीही आपल्या दारात होती, हाताची घडी घालून. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नाही.

तेवढ्यात तिच्या काखेखालून छबू बाहेर आली. शाळेचा झगा, दोन्ही रिबिनी बांधलेल्या. तोंड घट्ट मिटलेलं. ती सरळ चालत जीपपाशी आली, मागच्या बाजूला चढली आणि बाकावर मधोमध बसली.

“ही कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“छबू, खाली ये,” मी म्हणालो. “शाळा आहे ना तुला?”

छबूनं माझ्या हातातल्या कोऱ्या फॉर्मकडं बोट दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं.

“तुझं नाव लिहू?”

तिनं मान डोलावली.

“कशाला?”

तिचे गाल थोडे फुगलेले होते. पारावरचे म्हातारे वळून बघायला लागले. जिजी रस्ता ओलांडून आली. पाराच्या पुढं यायचं म्हणून पदर डोक्यावर घेतलेला, एका हातानं तो धरलेला.

“उतर खाली.”

छबू बसून राहिली.

“उतर म्हणते ना. तुला काय धाड भरलीय? धडधाकट पोर, दवाखान्यात काय करतीस?”

छबूनं खालचा ओठ ओढून जिजीला दाखवला. आत काळंभोर होतं. जिजीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग डॉक्टरांच्या हातातल्या पानांकडं.

“लेकरू एकटं नाही नेता येणार,” डॉक्टर म्हणाले. “घरची बाई पाहिजे. बरोबर?”

“बोल की,” जिजी छबूला म्हणाली. “असं तोंड धरून काय बसलीस? गिळ आन् बोल.”

छबू उठली. जीपच्या कडेला आली, दोन्ही हातांनी दांडा धरला, बाहेर वाकली, आणि भर रस्त्यात, देवाच्या दारासमोर, गावातल्या सगळ्या सासऱ्यांच्या देखत थुंकली. काळी पिचकारी पाराच्या पायरीपर्यंत गेली.

वरच्या आळीतल्या दारांमध्ये पदर तोंडाला लागले.

दगडूनानांनी पायरीकडं बघितलं. मग जीपकडं.

“कुणाची पोर ही?”

जिजीच्या डोक्यावरचा पदर घसरला होता. तिनं तो सारखा केला नाही.

“माझी,” ती म्हणाली, आणि एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला.

छबूनं बाहीनं तोंड पुसलं, कडेला सरकली, आणि बाकावर तिच्यासाठी जागा करून दिली.